उलटा बसवलेला खांदा

गुडघा दुखणारा माणूस चार पावले चालला की घरच्यांना कळते. खांदा दुखणारा माणूस नीट चालतो, जिना चढतो, बाजारातून भाजीही आणतो. त्यामुळे त्याचे दुखणे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आजींनी वेणी घालायची सोडून नुसती गाठ मारायला सुरुवात केलेली असते, मागे हुक असलेले ब्लाउज पेटीत गेलेले असतात, वरच्या फळीवरचा डबा नातवाला काढायला सांगितला जातो. आजोबा सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत सारतात आणि तो काढताना सगळ्यात शेवटी बाहेर काढतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवलेली नसते, दुखण्यानेच शिकवलेली असते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पहाटे तीन वाजता उठून बसावे लागते. विचारले तर उत्तर ठरलेले: वयाचा भाग आहे.

या उत्तराशी माझे भांडण आहे. गुडघा किंवा खुबा बदलून घेणे आता आपल्याकडे कोणाला नवे वाटत नाही. खांद्याचा सांधाही बदलता येतो, आणि ज्या खांद्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी कोणाकडेच चांगला उपाय नव्हता त्यासाठीही आज उपाय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ज्यांच्या हातात एमआरआयचा अहवाल पडलेला असतो, त्यांतल्या अनेकांना शस्त्रक्रियेची मुळीच गरज नसते, हेही त्यांना कोणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी समजायच्या असतील तर आधी हा सांधा कसा चालतो ते पाहायला हवे.

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खळगीत बसलेला असतो. हाडच त्याला धरून ठेवते. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा माथा मोठा आणि पाठीच्या फऱ्यावरची त्याची खळगी लहान, उथळ. उथळ बशीवर लाडू टेकवून ठेवावा तशी ही बैठक आहे. म्हणूनच हात डोक्यावर, पाठीमागे, आडवा, कुठेही जाऊ शकतो. शरीरातला सर्वांत मोकळा सांधा हाच, आणि सर्वांत सहज निखळणाराही हाच. हाड धरून ठेवत नसेल तर कोण धरते? चार स्नायू. फऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगाने निघून त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्या, माथ्याभोवती येऊन चिकटतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

खांद्याला बाहेरून जो गोलवा असतो तो डेल्टॉइड या मोठ्या स्नायूचा. हात वर उचलण्याचे बळ प्रामुख्याने त्याचेच. पण तो एकटाच आवळला तर दंडाचे हाड सरळ वर सरकते आणि खांद्याच्या छपरावर, म्हणजे अॅक्रोमियन या हाडावर, जाऊन आदळते. कफचे स्नायू त्याच क्षणी माथ्याला खळगीत दाबून धरतात, म्हणून हाड वर सरकण्याऐवजी जागच्या जागी फिरते आणि हात उचलला जातो. माथा आणि छप्पर यांच्यात जेमतेम एक सेंटीमीटरची फट असते. त्या फटीतूनच कफची सर्वांत वरची कंडरा जाते. खांद्याची बहुतेक दुखणी या फटीच्या आसपास सुरू होतात.

वय वाढते तशी ही कंडरा विरत जाते. तिला रक्तपुरवठा मुळात बेताचा. पन्नाशी-साठीनंतर तिला चीर पडणे इतके सामान्य आहे की त्याला आजार म्हणावे का, असा प्रश्न पडावा. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. साठीच्या पुढच्यांपैकी ५४ टक्क्यांच्या कंडरेत अर्धवट किंवा आरपार चीर निघाली. दुखत काहीच नव्हते आणि हातही वर जात होता. एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’ हा शब्द वाचून ज्यांची झोप उडते त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चीर दिसली म्हणून ती शिवलीच पाहिजे असे नाही. दुखणे त्या चिरेचेच आहे का, हे आधी ठरवावे लागते. ते ठरते रुग्णाच्या खांद्याला हात लावून, तो फिरवून, त्याची ताकद जोखून. चित्र पाहून ते ठरत नाही.

दुसरे एक उदाहरण याहून बोलके आहे. खांद्याच्या छपराची खालची बाजू दुर्बिणीतून घासून फट मोठी करायची, ही शस्त्रक्रिया जगभर लाखो लोकांवर झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले गेले: एकाला खरी शस्त्रक्रिया, दुसऱ्याला नुसती दुर्बीण घालून पाहणे, तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ च्या अखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. हाड घासलेले आणि न घासलेले, दोन्ही गट सारखेच सुधारले, आणि काहीच न केलेल्यांपेक्षा त्यांचा फायदा इतका थोडा होता की रुग्णाच्या रोजच्या जगण्यात तो जाणवावा असा नव्हता. तोवर असंख्य खांदे घासून झाले होते. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या तशाच चाचणीनेही खऱ्या आणि लटक्या शस्त्रक्रियेत फरक दाखवला नाही.

मधुमेह असलेल्यांना नेहमी छळणारे ‘फ्रोजन शोल्डर’ हे आणखी वेगळे दुखणे. त्यात सांध्याभोवतीची पिशवी आक्रसते आणि खांदा सर्व बाजूंनी जखडतो. दुसऱ्याने हात धरून उचलला तरी तो उठत नाही. ते फार दुखते, महिनोन्महिने चालते, पण बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू सुटते. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीच्या काळात चांगला आराम देते. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते, एवढे ध्यानात ठेवायचे. इथे सांधा बदलण्याचा प्रश्नच येत नाही. मानेतल्या दबलेल्या नसेचे दुखणेही खांद्यात उतरते. आणि डाव्या खांद्यात चालताना कळ येऊन थांबल्यावर जाणारे दुखणे हृदयाचे असू शकते, त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाची वाट पाहत बसू नये.

मग सांधा कोणाचा बदलायचा? ज्याचा खरोखर झिजला आहे त्याचा, आणि तोही औषधे, व्यायाम, इंजेक्शन करूनही रात्रीची झोप परत येत नसेल तेव्हा. झिजलेले खांदे दोन तऱ्हेचे असतात, आणि सारी शस्त्रक्रिया या फरकावर उभी आहे. पहिल्या तऱ्हेत हाडांवरचा गुळगुळीत कूर्चा घासून गेलेला असतो, पण कफ शाबूत असतो. हात फिरवताना करकर होते, हालचाल आखडते. दुसऱ्या तऱ्हेत कफ वर्षानुवर्षे फाटत जाऊन संपलेला असतो. माथ्याला खाली दाबून धरणारे कोणी उरत नाही, तो वर सरकतो, छपराला टेकतो आणि तिथेच घासत राहतो. एक्स-रेमध्ये माथा आणि छप्पर यांच्यातली फट नाहीशी झालेली दिसते. आयर्लंडच्या रॉबर्ट अॅडम्स यांनी १८५७ मध्येच अशा खांद्यांचे वर्णन केले होते. पण हे दुखणे कफ फाटल्यामुळे सुरू होते ही साखळी स्पष्ट मांडून त्याला आजचे नाव दिले ते न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८३ मध्ये. हे नाव म्हणजे कफ टेअर आर्थ्रोपथी. त्याचे रुग्ण बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, आणि त्यांत स्त्रिया अधिक.

अशा रुग्णाला हात वर करायला सांगा. खांदा कानाकडे उचलला जातो, हात मात्र खालीच लोंबतो. आता दुसऱ्याने तो हात धरून हळूच उचलावा. तो सहज वर जातो! सोडला की धपकन खाली. अर्धांगवायू झालेला नाही, मज्जातंतू ठीक आहेत, डेल्टॉइडही जिवंत आहे. फक्त त्याने ओढलेले हाड फिरण्याऐवजी वर सरकते. घरच्या घरी करता येण्याजोगी ही पारख आहे. जखडलेला खांदा आणि कफ संपलेला खांदा तिच्यात बऱ्यापैकी वेगळे ओळखू येतात.

सांधा बदलण्याची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये झ्यूल-एमिल पेआँ या शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या ३७ वर्षांच्या एका रुग्णाच्या खांद्यात कृत्रिम सांधा बसवला. त्याआधी बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी हस्तिदंती सांध्यांचे प्रयोग केले होते. पेआँचा सांधा एका दंतवैद्याने घडवला होता: प्लॅटिनमची नळी आणि कडक केलेल्या रबराचा गोळा. जंतुसंसर्ग काही हटेना, म्हणून दोनेक वर्षांनी तो काढावा लागला. तो आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवला आहे. क्षयासारखा जंतुसंसर्ग ठाण मांडून बसलेल्या सांध्यात, प्रतिजैविकांच्या कितीतरी आधी, दुसरे काय होणार होते?

आधुनिक खांद्याची सुरुवात नीअर यांनी १९५० च्या दशकात केली. खांद्याच्या माथ्याचे तुकडे झालेल्या रुग्णांसाठी त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा माथा आणि त्याला दंडाच्या पोकळीत रोवायची दांडी तयार केली. १९५५ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १९७० च्या दशकात समोरच्या खळगीत बसवायची पॉलिएथिलिनची बशी आली आणि संपूर्ण सांधाबदल शक्य झाला. मूळ शरीररचनेची ही हुबेहूब नक्कल होती: माथ्याच्या जागी माथा, खळगीच्या जागी खळगी. कफ शाबूत असलेल्या, नुसत्या झिजेने दुखणाऱ्या खांद्याला ही शस्त्रक्रिया तेव्हाही छान लागू पडली आणि आजही पडते.

पण कफ नसलेल्या खांद्यात तीच नक्कल फसली. नवा धातूचा माथाही जुन्यासारखाच वर सरकायचा, बशीच्या वरच्या काठावर रेटा द्यायचा, आणि दर वेळी काठ दबला की बशी हाडातून थोडी उचकटली जायची. काही वर्षांत ती सैल व्हायची. तेव्हा अशा रुग्णांना फक्त अर्धा सांधा, म्हणजे नुसता माथा, बदलून देत. दुखणे थोडे कमी व्हायचे. हात मात्र वर जायचा नाही. नीअर यांनी स्वतः सांधा उलटा बसवून पाहिला होता: गोळा फऱ्यावर आणि वाटी दंडावर. १९७० च्या दशकात युरोप-अमेरिकेत असे अनेक उलटे सांधे निघाले आणि जवळजवळ सगळेच मोडीत निघाले, कारण त्यांचा गोळा फऱ्यापासून बाहेर, लांब उभा असायचा. हात उचलला की तो फऱ्याच्या चिमूटभर हाडातून उपटला जाई.

फ्रान्सच्या दिजों शहरातील पॉल ग्रामों यांनी हाच उलटा सांधा पुन्हा हाती घेतला, तो १९८५ मध्ये. त्यांनी केलेला बदल सांगायला दोन वाक्ये लागतात, सुचायला मात्र आधीच्या सगळ्यांची अपयशे नीट वाचावी लागली असतील. पहिले, गोळ्याची मान काढून टाकली आणि त्याला थेट फऱ्याच्या हाडाला चिकटवले. त्यामुळे सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू हाडाच्या पृष्ठभागावरच आला आणि उपटणाऱ्या ओढीचे रूपांतर दाबात झाले. दुसरे, दंडाचे हाड थोडे खाली आणि आत आणले. डेल्टॉइड ताणला गेला, त्याला लांब तरफ मिळाली, आणि त्याचे पूर्वी हात उचलायला न लागणारे तंतूही कामाला लागले. आता डेल्टॉइड आवळला तरी हाडाला वर सरकायला जागा नाही, कारण समोर गोळा आहे. ते गोळ्याभोवती फिरते. कफ नसताना हात उठतो तो असा.

१९८७ मध्ये ग्रामों यांनी आपले पहिले आठ रुग्ण प्रसिद्ध केले. १९९१ च्या सुमारास डेल्टा-३ हे सुधारलेले रूप आले आणि फ्रेंच शल्यविशारदांनी ते वर्षानुवर्षे वापरून, मोजून, दुरुस्त केले. अमेरिकेत त्याला २००३ च्या अखेरीस परवानगी मिळाली. आज अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच देशांत साध्या सांध्यापेक्षा उलटे सांधेच जास्त बसवले जातात. निसर्गाची नक्कल करून जे साधले नाही ते निसर्गाची मांडणी उलटवून साधले, आणि तेही एका मध्यम आकाराच्या फ्रेंच शहरात. हाडांच्या शल्यशास्त्रातले इतके सुंदर उत्तर मला दुसरे माहीत नाही.

शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन करतात. खळगीचे हाड किती झिजले आहे, कोणत्या बाजूला कललेले आहे आणि स्क्रू धरायला किती हाड उरले आहे, हे त्यात मोजता येते. कफच्या स्नायूंमध्ये किती चरबी भरली आहे हेही दिसते. चरबी भरलेला स्नायू परत जोमदार होत नाही, मग कंडरा कितीही नीट शिवली तरी. डेल्टॉइड चालतो का हे हाताने तपासतात. ज्यांच्या खांद्याचा स्नायू लहानपणीच्या पोलिओने किंवा जुन्या अपघातातल्या नसेच्या इजेने निकामी झाला आहे त्यांना उलटा सांधा लावून उपयोग नसतो, कारण सारा भार त्याच एका स्नायूवर आहे.

भूलतज्ज्ञ सहसा मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात आणि सोबत पूर्ण भूल देतात. त्या बधिरतेमुळे पहिली रात्र बरी जाते. काही तास त्या बाजूचे श्वासपटलही अर्धवट थकते, म्हणून दम्याच्या किंवा फुप्फुसे कमजोर असलेल्या रुग्णाने आपला त्रास भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवा. रुग्णाला आरामखुर्चीत रेलावे तसे अर्धवट बसते करतात. खांद्याच्या पुढून, डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्यामधल्या नैसर्गिक खाचेतून आत जातात, तिथून जाणारी एक शीर बाजूला सारतात. झिजलेला माथा कापून काढतात. खळगी तासून तिच्यावर स्क्रूंनी धातूची चकती बसवतात, तिच्यावर गोळा. दंडाच्या पोकळीत दांडी आणि तिच्या डोक्यावर पॉलिएथिलिनची वाटी. मग सांधा जुळवून, हात सगळीकडे फिरवून, ताण पुरेसा आहे का ते पाहतात. सगळे मिळून दीड-दोन तास. डेल्टॉइडला चालवणारी नस या साऱ्या कामाच्या अगदी शेजारून जाते. तिला जपणे ही शल्यविशारदाची पहिली काळजी.

नंतरचे काही आठवडे हात स्लिंगमध्ये असतो. बोटे, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. चार ते सहा आठवड्यांनी डेल्टॉइडला काम शिकवायला सुरुवात होते. तो आता नव्या जागी, नव्या ताणावर आहे, त्याला शिकायला वेळ लागतो. सुधारणा वर्षभर होत राहते, म्हणून तिसऱ्या महिन्यात नाउमेद होऊ नये.

मिळते काय? सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे दुखणे जाते, निदान बरेच कमी होते. पुष्कळ रुग्ण सांगतात की पहिल्या काही आठवड्यांतच ते पुन्हा रात्री झोपू लागले. हात बहुतेकांचा खांद्याच्या उंचीच्या वर जातो. केस विंचरता येतात, घास तोंडाशी नेता येतो, फळीवरचा डबा काढता येतो. सांध्याच्या टिकाऊपणाचे आकडेही चांगले आहेत: दहा वर्षांनंतरही दहांतले नऊहून अधिक सांधे जागेवर असतात.

मिळत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. उलट्या सांध्यानंतर हात पाठीमागे नेणे अनेकांना अवघड जाते. पाश्चात्त्य पुस्तके याचा उल्लेख मागच्या खिशातले पाकीट, अंतर्वस्त्राचा हुक अशा संदर्भात करतात. आपल्याकडे प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण शौचानंतर पाण्याने, आणि बहुतेक डाव्या हाताने धुतो. डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया होणार असेल तर हा प्रश्न आधी विचारावा, संकोच न करता. काही महिने उजव्या हाताने जमेल का? पुढून धुणे जमते का, जेट बसवावा लागेल का? दोन्ही खांदे खराब असतील तर कोणता आधी, याचा निर्णयही यावर ठरू शकतो. डॉक्टर हा विषय काढत नाहीत आणि सत्तरीची बाई तो कधीच काढत नाही. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मात्र तोच सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसतो.

दुसरी गोष्ट जमिनीवर बसण्याची. उलटा सांधा निखळण्याचा सर्वांत मोठा धोका असतो तो हात अंगाजवळ, मागे टेकवून, त्यावर भार देऊन उठताना. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठतानासुद्धा. पूजेला, जेवायला, देवळात जमिनीवर बसणारी आपली माणसे उठताना नेमके हेच करतात. निदान पहिले तीन महिने त्या हातावर भार देऊन उठायचे नाही, उंच आसनावर बसायचे. आणि ज्यांना काठी किंवा वॉकर लागतो त्यांचा तर खांदा हाच पाय झालेला असतो. गुडघा आणि खांदा दोन्ही खराब असतील तर आधी कोणता करायचा याचा विचार घरच्यांसह, डॉक्टरांसमोर बसून करायला हवा.

बाकीचे धोकेही खरे आहेत. खांद्याच्या कातडीत केसांच्या मुळांशी क्युटीबॅक्टेरियम हा मंद गतीने वाढणारा जीवाणू राहतो. तो आत गेला तर ताप न येता, पू न होता, महिन्यांनी नुसते दुखणे घेऊन उगवतो आणि चाचण्यांतही लवकर सापडत नाही. शस्त्रक्रियेआधी काही दिवस मुरुमांसाठीचे बेंझॉइल पेरॉक्साइड खांद्याला लावायला सांगतात ते यासाठी. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेले असले तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून तारीख ठरवताना ते लपवू नये. हाडे ठिसूळ असतील तर नव्या ताणाने खांद्याच्या छपराचे हाड चिरू शकते, आणि ते दुखणे बराच काळ रेंगाळते. हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे, आणि आपल्याकडे तेच सर्वांत जास्त राहून जाते.

खर्चाचा भाग मोठा आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला मर्यादा घातली, तो आदेश गुडघ्यापुरता होता. खांद्याच्या सांध्याची किंमत, तो कोणत्या कंपनीचा, विम्यात किती बसतो, हे आधी लेखी मागून घ्यावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: हे डॉक्टर वर्षाला किती खांदे बदलतात? गुडघे शेकड्यांनी बदलणारे शल्यविशारद पुष्कळ आहेत, नियमित खांदे बदलणारे त्यांच्या मानाने थोडे. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

पडून मोडलेल्या खांद्याची गोष्ट निराळी. न्हाणीघरात पाय घसरून म्हातारपणी दंडाच्या माथ्याजवळचे हाड मोडणे फार नेहमीचे. एक्स-रे पाहून घाबरायला होते आणि प्लेट बसवायची घाई होते. ब्रिटनमध्ये हाड सरकलेल्या अशा २५० रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांचा हात नुसता स्लिंगमध्ये. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हातांत सांगण्याजोगा फरक नव्हता. ज्यांचा सांधा निखळलेला होता किंवा ज्यांना शस्त्रक्रिया उघडच लागणार होती ते या चाचणीत नव्हते. माथ्याचे तुकडे-तुकडे झालेल्या वयस्कर रुग्णाला आज उलटा सांधा चांगला आधार देतो. पण बहुतेकांना तीन आठवडे स्लिंग आणि नंतर चिकाटीने व्यायाम एवढेच लागते.

झिजलेल्या खांद्याची शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते. सहा महिने थांबून व्यायाम करून पाहिला तर सहसा काही बिघडत नाही. अपवाद एक आहे. कालपर्यंत चांगला वर जाणारा हात पडल्यानंतर अचानक वर जाईनासा झाला, आणि एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसत नसेल, तर कंडरा ताजी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ती पहिल्या काही आठवड्यांत शिवली तर जुळून येते. पुढे ती आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि ती वेळ निघून जाते. मालिश आणि शेक घेत दोन महिने घालवण्याची ही जागा नाही. त्याच आठवड्यात खांद्याच्या डॉक्टरांना दाखवावे.